तू कोणाच्या मांडीवरचा?

मिस्तो उस्ताची आणि माझी पहिली भेट मला आठवत नाही, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. मी पाच वर्षांचा होतो, त्याच्या हातात वस्तरा होता आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. त्यानंतर मी जो टाहो फोडला तो ऐकून सरहद्दीपलीकडच्या तुर्की पहारेकऱ्याने मनोऱ्यातून डोकं बाहेर काढलं होतं, असं माझी आई मरेपर्यंत सांगायची. तेव्हा या माणसाबद्दल मी पुढे जे काही चांगलं लिहीन, ते मनावर दगड ठेवून लिहिलं आहे असं समजा.

उस्ता म्हणजे कारागीर. आमच्या गिरे-बेरू गावात सुतारालाही उस्ता म्हणतात आणि गवंड्यालाही. पण नुसतं 'उस्ता' म्हटलं की तो मिस्तोच. धंदा न्हाव्याचा, आणि पोरांच्या सुंता करायचा. आता आम्हा कुर्दांमध्ये सुंता ही नुसती कातडीची गोष्ट नाही. पोराला एका माणसाच्या मांडीवर बसवतात. त्या माणसाच्या गुडघ्यावर पांढरा रुमाल अंथरतात. उस्ताचा हात हलतो, रक्ताचा थेंब रुमालावर पडतो, आणि तेवढ्या एका थेंबाने दोन घरं एकमेकांची 'किरीव' होतात. पिढ्यान्‌पिढ्या. किरीवाच्या घरची मुलगी करायची नाही, कारण ती आता बहीण. किरीवाने दार ठोठावलं तर काय झालं हे विचारायच्या आधी कडी काढायची. आणि सोयरिकीला मुली कमी पडू नयेत म्हणून शहाणी माणसं किरीव शोधतात तो आपल्या गोतावळ्याबाहेरचा. कुर्द अरबाची मांडी बघतो, मुसलमान ख्रिस्त्याची. माझा किरीव गेवर्गिस नावाचा सुरियानी ख्रिस्ती मेकॅनिक होता. त्याच्या हाताला लागलेलं ग्रीस माझ्या सुंतेच्या झग्यावर अजून आहे.

थोडक्यात, आमच्या मुलखाची खरी परराष्ट्रनीती आजवर मिस्तो उस्ताच्या वस्तऱ्यावर चालत आली आहे. मोठमोठे मंत्री विमानाने येतात, सोनेरी पेनाने सह्या करतात, आणि त्यांची विमानं परत उतरायच्या आत करार मोडलेला असतो. उस्ताने केलेला एकही करार मोडलेला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असताना, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

त्याला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. चाळीस वर्षांचा मिशीवाला बाप्या खुर्चीत बसला तरी उस्ता त्याचा चेहरा उजेडाकडे वळवून विचारणार, "तू कोणाच्या मांडीवरचा?" उत्तर मिळालं की त्याला सगळं आठवतं: कोणता महिना होता, मेंढा किती माजलेला होता, पोरगं चावलं होतं की नाही. मला तो दर वेळी सांगतो, "मास्तर, तू चावला होतास." शाळेतल्या पोरांसमोरसुद्धा सांगतो.

त्याच्या दुकानात आरशाच्या वर एक खिळा आहे. त्याच्या बापाच्या वेळी त्या खिळ्यावर फ्रेंच जनरलची तसबीर होती. मग दमास्कसहून एक साहेब आला, मग दुसरा, मग दुसऱ्याचा मुलगा. मग यादवी सुरू झाली आणि आमचीच पोरं बंदुका घेऊन उभी राहिली, तेव्हा हुतात्म्यांचे फोटो आले. मग अमेरिकन आले. उस्ताने तेव्हापासून तिथे काहीच लावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तसबिरी येतात आणि जातात. भिंतीला भोकं कशाला पाडू? खिळा पक्का आहे ना, बास."

आता आमचे मुखतार, म्हणजे गावचे पाटील. दरवेश मुखतार. माणूस वाईट नाही, पण दिवसातून तीनदा रेडिओ ऐकायचा आणि त्याला वाटायचं की जगातली सगळी राष्ट्रं गिरे-बेरूकडे डोळे लावून बसली आहेत. त्याचा नातू सिपान पाच वर्षांचा झाला. एक दिवस भर दुपारी मुखतार दुकानात शिरला. खुर्चीत मी होतो, अर्धी दाढी झालेली.

"उस्ता, वस्तरा पाज. सिपानला बसवायचाय."

"देवाचं नाव घे. मांडी कोणाची?"

मुखतारने उगाच इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "कोलोची."

उस्ताचा वस्तरा माझ्या गालावर थांबला. कोलो म्हणजे सार्जंट कोल. गावाबाहेर जुन्या धान्याच्या कोठारापाशी अमेरिकनांच्या चिलखती गाड्या उभ्या असत, त्यातला एक तांबूस पोरगा. चेहऱ्यावर तिळाएवढे ठिपके, तंदूरच्या रोटीवर जीव. झेरे मावशीच्या तंदूरपाशी रोज सकाळी येऊन उभा राहायचा, आणि मावशी त्याला पहिली रोटी द्यायची, दुसरी नवऱ्याला.

"ते बंदूकवालं पोरगं?" उस्ता म्हणाला.

"पोरगं काय म्हणतोस! त्याच्यामागे अख्खी अमेरिका उभी आहे. जरा डोकं चालव. उत्तरेकडून आज ना उद्या तुर्कांचे रणगाडे येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. अमेरिकन आहेत तोवर ते येत नाहीत. मग अमेरिकनांना बांधून ठेवायचं कसं? किरीव करायचं! किरीव किरीवाला सोडून जातो का? तूच सांग."

"नाही जात."

"मग!" मुखतारने असा हात उडवला की जणू वॉशिंग्टनला खुंट्याला बांधून तो नुकताच घरी आला होता.

तुम्हाला हसू येईल. आम्हाला आलं नाही. दोन दिवसांत गावभर ही गोष्ट झाली आणि चाळीस उंबऱ्यांना ती पटली. माणूस बुडत असला की त्याला काडीचा आधार पुरतो. आम्हाला तर अख्खी मांडी दिसत होती.

उस्ता म्हणाला, "आधी त्याला इथे पाठवा. मी मांडी पारखल्याशिवाय रुमाल टाकत नाही."

कोलो आला, खुर्चीत बसला. तोंडाला फेस. दुकानाच्या दारात अर्धं गाव. दुभाषा मी. माझं इंग्रजी पुस्तकातलं आणि त्याचं तोंडातलं, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं निम्मं कळे आणि उरलेलं निम्मं आम्ही हसून भागवत असू. किरीव म्हणजे काय ते मी त्याला समजावलं. तो खूश झाला. म्हणाला, कधी करायचं, मी टोपी घालून येऊ का?

"विचार त्याला, घर कुठंय?" उस्ता म्हणाला.

"नेब्रास्का," मी सांगितलं.

"ते कुठं आलं? कामिश्लीच्या अलीकडे की पलीकडे?"

"बरंच पलीकडे, उस्ता."

"असू दे. विचार, उद्या सिपानवर वेळ आली आणि तो जाऊन त्या दारात उभा राहिला, तर दार उघडेल?"

कोलो म्हणाला, "माझी आई उघडेल. ती कुणालाही उघडते. विमा विकणाऱ्यांनासुद्धा."

"आई चांगली आहे," उस्ताने मान डोलावली. "आता विचार, सिपानवर इथेच वेळ आली तर हा इथे असेल?"

मी विचारलं. कोलोचं हसू फेसातच थांबलं. त्याने आरशाच्या वर बघितलं. बहुधा त्या रिकाम्या खिळ्याकडे. मग म्हणाला, "ते मला नाही सांगता येणार. मला जिथं जा म्हणतात तिथं मी जातो."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. उस्ताने त्याच्या खांद्यावर थाप मारली, मग इतकी सुरेख दाढी केली की मुखतारच्या लग्नातसुद्धा मुखतारची तशी झाली नव्हती. टॉवेल झटकून तो दाराकडे वळला.

"पोरगं खरं आहे. पण ही मांडी त्याची नाही, सरकारी आहे. सरकारी मांडीवर मी पोर बसवत नाही. सरकार उठलं की पोर खाली पडतं."

"अरे, पण गावाचा विचार कर!" मुखतार ओरडला.

"त्याचाच करतोय. मी आजवर बांधलेली एक गाठ सुटलेली नाही. ही सुटणार हे मला आत्ता दिसतंय. मग मी ती बांधू कशी?"

मग ऑक्टोबर आला. वरून कुठून तरी हुकूम सुटला आणि कोठाराजवळच्या गाड्या धूळ उडवत निघाल्या. बाया रस्त्यावर उभ्या राहिल्या. कुणी बटाटे फेकले, कुणी कांदे. झेरे मावशीच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून तिने तंदूरमधून नुकतीच काढलेली रोटी फेकली, आणि ती नेमकी तिसऱ्या गाडीच्या झरोक्यात शिरली. आत कोलो होता. त्याने मान वर केली नाही. "निदान गरम तरी खाल्ली असेल," म्हणून मावशी दिवसभर रडत होती.

राग कुणावर तरी काढायला हवा. अमेरिका लांब होती, उस्ता जवळ होता.

"एक थेंब, उस्ता!" मावशी त्याच्या दारात उभी राहून म्हणाली. "एक थेंब सुटला नाही तुझ्या हातून! सुटला असता तर माझा कोलो गेला असता का?"

मुखतार तर म्हणाला, "आमचं गाव एका न्हाव्याच्या हट्टापायी बुडालं, असं लिहून ठेवा." कुणी लिहून ठेवलं नाही, पण कुणी दाढीलाही गेलं नाही. चार-पाच दिवसांत सगळ्या गावाला दाढ्या आल्या. कुणाचा दुखवटा चाललाय तेच कळेना. उस्ता रिकाम्या खुर्चीशेजारी बसून वस्तरा पाजत राहायचा. मी एकटाच जायचो, आणि तेही भिंतीच्या कडेकडेने.

मी म्हटलं, "उस्ता, एकदा माफी मागून टाका. तोंडदेखली."

"कशाची मागू? बरोबर निघालो त्याची?"

सहाव्या दिवशी उत्तरेकडून तोफा सुरू झाल्या. पूर्वेच्या रस्त्यावरचा पूल पहिल्या तासातच पडला. दक्षिणेला नुसती नांगरलेली उघडी रानं, आणि वर डोक्यावर माशीसारखी घोंघावणारी ड्रोनं. गाव शाळेच्या पटांगणात गोळा झालं. मुखतार फोन लावत होता. ज्यांच्याबरोबर त्याने फोटो काढले होते त्या सगळ्यांना त्याने फोन लावले. एकाचा फोन बंद. दुसरा म्हणाला, परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे. तिसऱ्या कुठल्याशा कचेरीने अर्ज मागितला, दोन प्रतींत.

"चला," मिस्तो उस्ता म्हणाला. तो कधी आला ते कुणी पाहिलं नव्हतं. "तल जर्राला चला. अबू हलेलकडे."

तल जर्रा हे नैर्ऋत्येला सहा किलोमीटरवरचं अरबांचं गाव. एकच रस्ता उघडा होता, तो तिकडचा. पण त्या गावात सकाळीच तुर्कांच्या बाजूने लढणाऱ्या टोळीच्या गाड्या शिरल्याची बातमी होती.

"वेड लागलंय तुला?" मुखतार म्हणाला. "तो अबू हलेल आता त्यांच्यात आहे!"

"तो त्यांच्यात नाही, ते त्याच्यात आलेत. तो तिथे आधीपासून आहे."

"आणि त्याने दार लावून घेतलं तर?"

"माझ्या थोरल्याचं रक्त त्याच्या गुडघ्यावर पडलंय, माझ्याच हाताने. पस्तीस वर्षं झाली. दार लागलं, तर माझा वस्तरा तुमच्यासमोर विहिरीत टाकीन. पण तेव्हा तो बघायला आपण असू की नाही, ते मी सांगू शकत नाही."

दुसरी वाटच नव्हती. अकरा ट्रॅक्टर, त्यांना जोडलेल्या ट्रॉल्या. त्यात म्हाताऱ्या, गाद्या, कोंबड्या आणि झेरे मावशीचं पीठ मळायचं लाकडी तबक. उस्ता पहिल्या ट्रॅक्टरवर बसला, मी त्याच्या शेजारी. त्याने मांडीवर वस्तऱ्याची पेटी धरली होती आणि ती पेटी खुळखुळत होती. मला वाटलं रस्त्यामुळे. मग ट्रॅक्टर एका ठिकाणी थांबला, आणि पेटी खुळखुळतच राहिली. शेकडो पोरं कापली त्या हाताने, कधी केसभर चुकला नाही. तो हात मी त्या दिवशी थरथरताना पाहिला. मी दुसरीकडे बघितलं.

तल जर्राच्या वेशीवर एक पिकअप आडवी लावलेली, तिच्यावर बंदूक. सात-आठ दाढीवाले. त्यांचा म्होरक्या पंचविशीचा असेल नसेल. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध, जीर्ण अबा, म्हणजे अरबांचा लांब झगा, पांघरलेला, तोंडात एकच दात असलेला अबू हलेल उभा होता. आमची धूळ त्याने लांबूनच पाहिली असणार.

"किरीव!" तो ओरडला. "एवढा उशीर? चहा दोनदा उकळून काळा झाला!"

पेटीची खुळखुळ थांबली.

म्होरक्या पुढे आला. "हाजी, बाजूला हो. हे कुर्द आहेत."

"मला काय सांगतोस, मला दिसत नाही होय? माझे किरीव आहेत."

"कोण?"

"सगळे."

"चाळीस घरं?" म्होरक्याने ट्रॉल्यांवरून नजर फिरवली. "चाळीस घरं तुझी किरीव?"

"माझी मांडी मोठी आहे," अबू हलेल म्हणाला, आणि अंगावरचा अबा पसरून रस्त्यातच खाली बसला. "संशय असेल तर गाडी घाल वरून. पण आधी तुझ्या आईला विचारून ये, किरीवाला दारातून हाकलणाऱ्याचं काय होतं ते."

तेवढ्यात मिस्तो उस्ता ट्रॅक्टरवरून खाली उतरला. मी त्याची बाही धरली, ती त्याने सोडवली. तो थेट त्या म्होरक्यापाशी गेला, त्याची हनुवटी दोन बोटांनी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, "तू कोणाच्या मांडीवरचा, बाळा?"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा उस्ता तिथेच होता, धडावर मुंडकं होतं. म्होरक्याने हनुवटी सोडवून घेतली होती आणि तो लांब रानाकडे बघत होता. उत्तर त्याने दिलंच नाही. हाताने खूण केली आणि पिकअप बाजूला झाली.

"कोणाच्या मांडीवरचा असेल हो तो?" मी नंतर विचारलं.

"ते नाही कळलं. पण नसता कोणाच्याच, तर चटकन सांगितलं असतं."

आम्ही अबू हलेलकडे अकरा दिवस राहिलो. चाळीस घरांची माणसं त्याच्या घरात, गोठ्यात, भावांच्या घरांत. त्याच्या बायकोचं आणि झेरे मावशीचं भरड्या गव्हाच्या भातात मीठ किती यावरून रोज भांडण व्हायचं, आणि तिसऱ्या दिवसापासून दोघी ते भांडण करायला सकाळी लवकर उठू लागल्या. मुखतार कोपऱ्यात बसून रेडिओ ऐकायचा. रेडिओत मोठी माणसं कुठेतरी जमली होती, नकाशावर रेघ ओढत होती. ती रेघ एकदा आमच्या गावाच्या उत्तरेकडून गेली, एकदा दक्षिणेकडून, आणि शेवटी तिला काय वाटलं कोण जाणे, दोन्ही गावांच्या मधून गेली. अमेरिकन गेले होते तिथे रशियन आले. आम्ही घरी परतलो. शाळेचं छप्पर उडालं होतं. उस्ताच्या दुकानाचा आरसा फुटला होता. खिळा जागेवर होता.

दुसऱ्या सकाळी दुकानासमोर रांग लागली. अडीच आठवडे वाढलेल्या दाढ्या होत्या, वस्तऱ्याची धार तीनदा गेली. झेरे मावशी रोटी घेऊन आली, उस्ताच्या हातात ठेवून निघून गेली. मुखतार रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता. खुर्चीत बसला तरी तोंड उघडेना.

"बोल," उस्ता म्हणाला. "गळा माझ्याच हातात आहे, आणखी काय व्हायचंय?"

"सिपानचं राहिलंय."

"राहिलंय खरं. मांडी कोणाची? काल तू त्या रशियन कप्तानाकडे बघत होतास. गुडघ्याकडेच बघत होतास असं मास्तर म्हणतो."

"मास्तरच्या जिभेला हाड नाही," मुखतार पुटपुटला. मग म्हणाला, "अबू हलेल हो म्हणेल का?"

उस्ताने त्याची दाढी पूर्ण केली. मुद्दाम हळू केली असं माझं मत आहे. मग म्हणाला, "मी विचारतो. पण मेंढा तू चांगला आण. मागच्या वेळी तुझ्या मुलाच्या सुंतेला मेंढा हडकुळा होता. मला आठवतंय."

मधे एक दिवस माझ्या फोनवर नेब्रास्काहून निरोप आला. कोलोने विचारलं होतं, गाव आहे का? तिसऱ्या गाडीत मी होतो, मला माफ करा. आणि न्हाव्याला सांगा, त्याचं मांडीबद्दलचं म्हणणं बरोबर होतं. मी उस्ताला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लिही त्याला. सरकारने मांडी सोडली की ती घेऊन ये. गावात पोरं काय, होतच राहतात. आणि मावशीने फेकलेली रोटी तुला लागली की नाही ते तिला कळव." लागली होती म्हणे. गरम होती.

वसंतात सिपानला बसवला. अबू हलेलला सहा किलोमीटर यायला अर्धा दिवस लागला, कारण आता वाटेत तीन नाकी होती आणि तिन्हींवर वेगवेगळी निशाणं. प्रत्येक ठिकाणी त्याला विचारलं, कुठे निघालास? त्याने तिन्ही ठिकाणी एकच उत्तर दिलं, "मांडी द्यायला." दोघांना ते कळलं. तिसऱ्याला कळलं नाही, तेव्हा त्याने ट्रॅक्टरवरूनच करून दाखवलं, आणि त्या बिचाऱ्याने घाईघाईने दांडी वर केली.

अंगणात गाव जमलं होतं. अबू हलेलने सिपानला मांडीवर घेतला. उस्ताने पांढरा रुमाल अंथरला, पेटी उघडली. मी त्याचा हात बघत होतो. दगडासारखा स्थिर. थेंब पडला, बायांनी जिभा हलवत आनंदाची किलकारी दिली, सिपानने माझ्या तोडीस तोड टाहो फोडला. शिवाय तो चावलाही. उस्ताने कौतुकाने माझ्याकडे बघितलं.

मग तो पोरासमोर उकिडवा बसला. "आता सांग. उद्या कुणी विचारलं, तू कोणाच्या मांडीवरचा, तर काय सांगशील?"

"अबू हलेलच्या," सिपान हुंदका गिळत म्हणाला.

"हे तर मलाच ऐकू आलं. मोठ्याने. तिकडे मनोऱ्यापर्यंत गेलं पाहिजे."

सिपानने छाती भरून घेतली आणि ओरडला. मी सरहद्दीकडे बघितलं. मनोऱ्यातून एक डोकं बाहेर आलं होतं.